पिवळं

आमच्या गंगावेशीतल्या खानावळीत लिंबाला कुणी लिंबू म्हणत न्हाय. पिवळं म्हणत्यात. ताटात रस्सा पडला की गिऱ्हाईक मला हाक मारतंय, "तानाबाई, पिवळं द्या." भाजीवालीसुद्धा दारात येऊन विचारती, पिवळं किती देऊ. नवा माणूस आला की हसतोय, आणि त्याला मूळ सांगायचं काम माझ्या गळ्यात. लई कंटाळा येतो, पर सांगते.

बावन्न साली मुरगूडचा एक पावणा जेवायला बसला, आकाराम म्हणून. एका पायानं लंगडत होता. पिवळं म्हंजे काय, त्यानंबी विचारलं.

"माझ्या वहिनीचा शब्द हाय," मी म्हटलं. "आत चुलीपाशी बसलीया ना, चिमणाबाई, ती. माझ्या भावाचं नाव लिंबाजी. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य तुटतं म्हणत्यात, मग ही लिंबू तरी कशी म्हणंल? लगीन होऊन आली तवापासनं पिवळंच. भाऊ पलटणीतनं ब्रह्मदेशात गेला. आठ वर्सं झाली, सरकारी कागदावर बेपत्ता. नेसरीची आमची माणसं म्हणत्यात, कुंकू पूस. ही पुसत न्हाय. येणार की, म्हणती."

पावण्याचा घास हातातच राहिला. "नेसरीचा लिंबाजी? डाव्या कानाची पाळी तुटलेला?"

मी मान हलवली.

"मीच पुरला त्याला," तो ताटाकडं बघत म्हणाला. "तिथं नदीच्या काठाला. परत आल्यावर नेसरीच्या वेशीपतोर गेलतो. पुढं पाय उचलला न्हाय."

असं वाटलं, त्याच्या मुस्काटात द्यावी. ही बाई आठ वर्सं दाराकडं डोळं लावून बसली, आणि ह्यो गडी मुरगुडात बसून सगळं पोटात ठेवून जेवत होता. माझा पाठचा भाऊ गेला, आणि मला रडायचीबी सोय न्हवती, कारण आत ती होती.

"गुमान जेव आणि जा," मी हळूच म्हटलं. "तिच्या कानावर गेलं तर ती जगायची न्हाय. पुन्यांदा हितं ते नाव काढू नगंस."

त्यानं मान डोलावली. मी पदरानं तोंड पुसलं आणि मागं वळले.

वहिनी मधल्या दारात उभी होती, पिवळ्याच्या फोडींची बशी हातात घेऊन. कवापासनं उभी होती कुणास ठाऊक.

"वहिनी, तू आत जा, मी वाढते," मी म्हटलं.

"राहू द्या, वन्सं." ती पुढं आली, पावण्यासमोर वाकली आणि बशी त्याच्या ताटाला लावून ठेवली. हात जराबी हलला न्हाय.

"घ्या पावणं," ती म्हणाली. "लिंबू घ्या."

मग मला रडायची सोय झाली.