नदी माडीवर आली

कावळा शिवेना, तेव्हा अनसूयेच्या घरचे लोक नदी घेऊन मिरजेला तिच्या खोलीवर आले.

जिन्यात पाण्याचा आवाज झाला म्हणून ती बाहेर आली. पुढे थोरला भाऊ दिगंबर होता, हातात पत्रावळ आणि पत्रावळीवर भाताचा पिंड. मागे आई, पांढरा पदर नाकापर्यंत ओढलेली. त्यांच्यामागून पाणी एकेक पायरी चढत होतं. शेवाळाच्या वासावरून अनसूयेनं नदी लगेच ओळखली. पंथाच्या वस्तीखालून वाहायची तीच.

अनसूयेनं पंथ सोडला होता. तिथे बायकांनी मोठ्यानं हसायचं नसे आणि गाणं कानावर पडलं तर उपास करावा लागे. निघाली ती मिरजेत सतारी बनवणाऱ्या बानूबीकडे कामाला लागली. सतारीसाठी वाळवलेले भोपळे घासायचे, एवढंच काम. माडीवरची खोली बानूबीनंच राहायला दिली. सुरुवातीला खाली कुणी तार छेडली की अनसूया कान झाकून घ्यायची. हल्ली भोपळा घासता घासता ती स्वतःच काहीतरी गुणगुणायची आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे बघायची.

पंथ सोडून जो गेला तो पंथाच्या लेखी मेला. काही महिने वाट बघून त्यांनी दर्भाची अनसूया करून जाळली आणि दहाव्याला घाटावर पिंड मांडला. कावळे आले, बसले, पण एकही शिवेना. आणि कावळा शिवल्याशिवाय वस्तीत चूल पेटवायची नाही, असा नियम.

"इच्छा जिथं अडकलीय तिथं जाऊन विचारा, असं महाराज म्हणाले," दिगंबर भिंतीकडे बघत म्हणाला.

त्यानं पत्रावळ खोलीच्या मधोमध ठेवली. कावळे खिडकीतून आत आले आणि कपड्यांच्या दोरीवर ओळीनं बसले.

"दादा, मी इथंच आहे," अनसूया म्हणाली.

"गेलेल्या माणसाशी बोलायचं नसतं," दिगंबर आईला म्हणाला. मग पिंडासमोर हात जोडले. "तुझी गाय आम्ही सांभाळू."

कावळे हलले नाहीत. खोलीची मागची भिंत मात्र थोडी लांब गेली आणि जमिनीला एक पायरी फुटली.

"तुझ्या नावानं अन्नदान करू."

भिंत आणखी लांब गेली. आता खाली घाटाच्या ओल्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसत होत्या. पाणी स्टोव्हवरून गेलं, अंथरुणावरून गेलं. वाळत घातलेले भोपळे तरंगत दूर निघाले. पलीकडच्या काठावर सगळी वस्ती येऊन बसली होती. बायकांच्या मांडीवरची पोरं रडायची थांबली होती. ते अनसूयेला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

बानूबी साडी गुडघ्यापर्यंत धरून वर आली. "अगं, काय चाललंय हे? माझे भोपळे चाललेत वाहून!" मग पिंड बघून ती थबकली. "कुणाचं आहे?"

"माझ्या बहिणीचं," दिगंबर म्हणाला.

"ती काय, समोर उभी आहे की!"

"तुम्हाला दिसत असेल. आमच्यात नाही दिसत."

बानूबीनं अनसूयेचा दंड धरला. "चल खाली. भात सुकेपर्यंत बसू देत त्यांना."

अनसूया निघणार होती. तेवढ्यात आईचा तोल गेला आणि ती पायरीवर बसली. पदराखालची हनुवटी अगदी टोकदार झाली होती.

"आई, तू काही खाल्लंस का?"

आईनं मान वर केली नाही. ओठ तेवढे हलले. ती पिंडाशी बोलत होती. "माझं काय राहिलंय तुझ्याकडं? सांग गं. मला कळत नाही."

"काही राहिलं नाही," अनसूया म्हणाली. "माझी कसलीच इच्छा नाही."

एका कावळ्यानं मान वाकडी करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पिसं साफ करू लागला. तिचं खोटं त्याला कळलं होतं. आईनं एकदा आपल्याकडे बघावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते मागायची सोय नव्हती.

अनसूयेनं बानूबीचा हात सोडवला. ती पाण्यात गुडघे टेकून बसली, हात पाठीमागे धरले, वाकली आणि तरंगत्या पत्रावळीवरच्या पिंडातला एक घास तोंडानं उचलला.

"शिवला!" दिगंबर ओरडला.

पलीकडच्या काठावर एकदम धूर उठला. सगळ्या चुली पेटल्या होत्या. बानूबी अनसूयेच्या नावानं हाका मारत होती, पण ती बाजूलाच असूनही तिचा आवाज फार लांबून येत होता. अनसूयेला ओ देता येईना. भात गिळवत नव्हता आणि थुंकायचा धीर होत नव्हता.

तेव्हा आईनं पदर मागे सारला आणि तिच्याकडे सरळ बघितलं. कितीतरी वेळ बघितलं.

"जा आता," आई म्हणाली. "उड."

पाणी उतरू लागलं. दिगंबर आधीच जिन्यात दिसेनासा झाला होता. आईचा हात वर उठला, कावळा हाकलायला उठतो तसा, किंवा कुणाला जवळ बोलवायला उठतो तसा, आणि तो तसाच वर असताना नदी तिला घेऊन एकेक पायरी उतरत गेली.