तुलना सशाशी

संशोधक बाईंची अर्धी नोकरी सशांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालण्यात गेली होती. डोळा लाल झाला की औषध नापास, नाही झाला की पास. या कामाचा वीट येऊन त्यांनी नेत्रदानातून उरलेल्या पेशींपासून बशीत माणसाच्या बुबुळावरचा पातळ, पारदर्शक पडदा वाढवला. त्यावर थेंब टाकायचा. पडदा गढुळला तर औषध वाईट. या चाचणीला मान्यता मिळाली की सशांची खोली कायमची रिकामी होणार, एवढ्याचसाठी बाई जिवाचं रान करत होत्या.

मान्यता समितीचा नियम सरळ होता: जुन्या औषधांवर नव्या चाचणीचा निकाल सशांच्या निकालाशी जुळला पाहिजे. जुळलाही. फक्त एका औषधापाशी घोडं अडलं.

"सशांनी हे पास केलंय," अध्यक्ष चष्म्यावरून बघत म्हणाले. "तुमचा पडदा नापास म्हणतो."

"साहेब, या औषधानं माणसांची दृष्टी अधू झाली. म्हणून तर ते बाजारातून काढून घेतलं."

"ते माहीत आहे हो. माझ्याच मेव्हण्यानं घातलं होतं." अध्यक्षांनी हळहळून मान हलवली. "पण तुलना सशाशी करायची आहे, मेव्हण्याशी नाही."

समितीत हशा पिकला. मेव्हणा सगळ्यांच्या ओळखीचा असावा.

बाहेर आल्यावर विभागप्रमुखांनी बाईंना चहा पाजला. "अहो, कशाला ताणताय? किती गढुळला म्हणजे नापास, ती रेघ तुम्हीच आखलीय ना? जरा वर सरकवा. ससे सुटतील."

"आणि माणसं?"

"माणसं तक्रार करू शकतात, बाई. ससे बिचारे मुके."

सशांची खोली तर बाईंच्या रोज डोळ्यांसमोर होती. त्यांनी रेघ सरकवली. निकाल तंतोतंत जुळले, मान्यता आली, आणि खोली धुऊनपुसून तिथेच अध्यक्षांच्या हस्ते बाईंचा सत्कार झाला. वर्तमानपत्रात फोटो आला. आईनं तो सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला.

सत्काराची फुलं सुकायच्या आत लहान मुलांसाठीचे नवे थेंब तपासणीला आले. बाईंनी पडद्यावर थेंब टाकला, वाट पाहिली आणि बशी उजेडात धरली. पडदा चांगलाच गढुळला होता. रेघेच्या मात्र आत होता.

"काय हो, झालं का?" विभागप्रमुखांनी दारातूनच विचारलं. "कंपनीचा माणूस खोळंबलाय."

बाईंनी बशी पुन्हा एकदा फिरवून बघितली. दुसरं मत विचारायला आता इमारतीत ससाही उरला नव्हता.

"पास," त्या म्हणाल्या.