सरावाचा हात

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात आहे. कोपरापासून बोटांपर्यंतचा, बस. कारखान्यात माझ्या कातडीखाली बारीक नळ्या बसवल्या, त्यांत लाल पाणी भरलं आणि मला एका रुग्णालयात धाडलं. तिथे शिरेतून औषधं देण्याच्या खोलीतच, एका कोपऱ्यात, शिकवण्याचं टेबल होतं. नर्स माझ्यावर सुई लावायला शिकत. मी कधी हूं की चूं केलं नाही, म्हणून सगळ्यांचा लाडका होतो.

एकदा वॉर्डातल्या एक अनुभवी सिस्टर माझ्यापुढे येऊन बसल्या. त्यांच्या थोरल्या नणंदेला दर महिन्याला शिरेतून औषध घ्यावं लागे. टोचून टोचून हात काळेनिळे झाले होते आणि आता औषधच नको, असं नणंदबाईंनी घरी सांगून टाकलं होतं. सिस्टरांच्या मनाला ते लागलं. त्यांनी या विभागात बदली मागून घेतली.

विभागाच्या मुख्य सिस्टरांनी त्यांना नीट समजावलं. नर्स म्हणून नोंदणी आहे, वॉर्डातली वर्षंही कामी येतील. पण शिरांची पारख, औषधाचे पंप, छातीजवळ बसवलेल्या नळीची निगा आणि औषध अंगावर उठलं तर काय करायचं, हे सगळं शिकावं लागेल. आधी कुणाच्या तरी नजरेखाली काम करायचं. या कामाचे पुरेसे तास भरले की मग खास परीक्षा.

वॉर्डातली घाई सिस्टरांच्या हातात मुरलेली होती. त्या सपकन सुई घालत आणि लाल पाणी टेबलभर होई. "आधी बोटाने शोधा," मुख्य सिस्टर म्हणत. हळूहळू त्यांचा हात शांत झाला.

मग बऱ्याच मिनतवारीनंतर नणंदबाई खुर्चीत येऊन बसल्या. सिस्टरांनी त्यांचा हात शेकला, शीर चाचपली, सांगून सुई लावली. तरी शीर फुटली. त्यांनी सुई काढली, कापूस दाबून धरला आणि म्हणाल्या, "ताई, आज मी पुन्हा टोचणार नाही. मोठ्या सिस्टरना बोलावते."

मुख्य सिस्टरांनी दुसऱ्या हाताला सुई लावली, औषध सुरू झालं. नणंदबाई आपल्या वहिनीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आजवर कुणी थांबलं नव्हतं गं. पुढच्या महिन्यात तूच लाव."

पुढच्या महिन्यात सिस्टरांनीच लावली, पहिल्याच खेपेला. पुढे तास भरले, परीक्षाही झाली. आता माझ्या टेबलाशी त्याच शिकवतात.

माझी कातडी मात्र चाळण झाली आहे. नवा हात आला आणि मी कपाटात गेलो. कधी कपाट उघडलं तर माझ्यावरची धूळ पुसा, एवढंच मागणं. आणि मित्रांनो, मला दुखत नव्हतं म्हणून माझ्यावर कितीही वेळा चुकता आलं. ज्याला दुखतं, त्याच्यापाशी एकदा चुकलं की थांबायला शिका.