आज वॉर्ड शांत आहे

"चादरीला आता पावडर-कुंकूपण लावायचं का?" इन्चार्ज बाई लिननच्या खोलीच्या दारातूनच कुरकुरल्या. "दहा मिनिटं झाली, एकच कोपरा दुमडतेय ही बया!"

बयेने उशांच्या ढिगाला टेकवलेला मोबाईल उचलला आणि तोंडभर हसली. चौदा वर्षं नर्स, त्यातली तीन वर्षं मोबाईलवरची लाडकी सिस्टर. खाटेवर चादर कशी घालावी, सुईला घाबरणाऱ्याला बोलण्यात कसं गुंतवावं, हजारो लोक बघायचे. एप्रनच्या खिशात मात्र सहा महिन्यांपासून राजीनामा होता, घडीवर झिजून फाटायला आलेला. ठाऊक वॉर्डात सगळ्यांना होतं. विषय कुणी काढत नव्हतं. तिच्या वाट्याच्या खाटा कुणाच्या गळ्यात पडतील, सांगता येत नव्हतं.

"कालचा व्हिडिओ पाहिला," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बघता?"

"चष्मा लावून. त्यात तू म्हणालीस, आज वॉर्ड शांत आहे."

तिने जीभ चावली. 'शांत' हा शब्द वॉर्डात कुणी उच्चारत नाही. उच्चारला की पाच मिनिटांत तीन स्ट्रेचर दारात! नव्या पोरींना पहिल्या दिवशी तेच बजावतात, आणि बजावणारी हीच.

"जिला उद्या इथं यायचंय तिच्या तोंडून हे निघत नाही," एवढंच बोलून बाई बाहेरच्या टेबलाकडे थर्मामीटर मोजायला गेल्या.

ती बाहेर आली तर बाकावर भाची बसली होती, मांडीवर नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म. आज शेवटची तारीख. आईचा सक्त विरोध होता, पण पोरीने मावशीचे व्हिडिओ लावून लावून तिला घायकुतीला आणलं होतं. शेवटी आई म्हणाली, मावशीला हो म्हणू दे, मग करते सही.

"मावशी, लाव ना आईला फोन. नुसतं हो म्हण. मला अगदी तुझ्यासारखं व्हायचंय गं."

फोन लागला. स्पीकरवर बहिणीचा आवाज आला, "हं, बोल बाई. तुझं ऐकायचं असं ठरलंय आमचं."

हो तर जिभेवर तयारच होतं, एका टेकमध्ये झालं असतं. तिने पोरीकडे पाहिलं. पोर व्हिडिओतल्यासारखीच हसत होती, मान थोडी डावीकडे कलती करून. हुबेहूब.

तिने फोन बाकावर पालथा ठेवला.

"ताई, ऐकतेयस ना? तूही ऐक गं. व्हिडिओत दाखवते ते खोटं नाही. बरा झालेला माणूस चालत घरी जातो ना, तेव्हा आजही माझं मन भरून येतं. पण ते दोन मिनिटांचं झालं. उरलेला दिवस..."

टेबलापाशी बाईंचं मोजणं थांबलं होतं.

"उरलेला दिवस मला आता झेपत नाही. मी नोकरी सोडतेय."