माफीची कॉफी

वेलदोड्याचं एक हिरवट साल आईच्या अंगठ्याला चिकटलं होतं, आणि खलबत्ता चालू असताना ते पडतं की नाही एवढंच मुझना बघत होती — बैठकीतून पुरुषांचे आवाज येत होते, बाहेरच्या दाराशी परक्या वहाणांचा ढीग पडला होता, पण त्या सगळ्यापेक्षा ते साल बघणं सोपं होतं.

"आई, पुरे झाले वेलदोडे."

आईनं वर पाहिलं नाही. मुझना डाव्या बाजूला उभी होती. ती वळसा घालून उजवीकडे आली आणि तेच पुन्हा म्हणाली.

"असू देत. पाहुणे आहेत."

"पाहुणे?"

"घरात आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?"

डावा कान गेल्या वर्षी गेला. मुझनाच्या जन्माआधीपासून फिद्दा, म्हणजे आई, इस्पितळाच्या तातडीच्या विभागात परिचारिका होती. आणि एका दुपारी नायफ नावाच्या पोरानं, माझ्या बापाला आधी का घेत नाही म्हणत, मोबाइल धरलेल्या हातानंच तिच्या कानावर... त्या दिवशीही ती पाळी संपवूनच घरी आली, भात टाकला, आणि जेवताना म्हणाली, या बाजूनं बोलू नका, समुद्रासारखं काहीतरी वाजतंय. वाळवंटातल्या हाइलला कुठला समुद्र! तिनं तो एकदाच पाहिला होता, जिद्दाला, लग्नानंतर. मग काही दिवसांनी तेही वाजायचं थांबलं.

तोवर मुझनाच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय होता संग्रहालयात येणारे पर्यटक. विषय बाबांनी सुचवलेला. ते गावातल्या संग्रहालयात माहिती सांगायचे. जुन्या चुलीपाशी पर्यटकांना थांबवून ते सांगत — आमच्याकडे मागणं घेऊन आलेला माणूस कॉफीचा पेला घेतो, पण ओठाला लावत नाही, समोर ठेवतो. यजमान म्हणतो, पी, तुझं मागणं मान्य, मगच तो पितो. परदेशी बायका हरखून फोटो काढत. बाबांचा आवाज तेव्हा किती रुंद व्हायचा... मलाही आवडायची ती गोष्ट.

मग मुझनानं विषय बदलला, विभागही बदलला. इस्पितळात मार खाल्लेल्या परिचारिका तक्रार का करत नाहीत — हे आता ती एकेकीला विचारत फिरते. बाबा एवढंच म्हणाले, "संग्रहालयात लोक हसून उत्तरं देतात गं." परिचारिका हसत नाहीत, नवरा नको म्हणाला, साहेब नको म्हणाले, जाऊ दे म्हटलं, असं सांगून घड्याळाकडे बघतात. आईनं मात्र तक्रार केली होती. एकटी चौकीवर गेली, न्यायाधीशासमोर उभी राहिली. पुढच्या आठवड्यात निकाल. त्याआधी तिनं माफ केलं तर शिक्षा टळू शकते, म्हणून आज ही माणसं.

"पोराचं चुकलं, अबू मुझना," बैठकीत नायफचे चुलते, अबू दुलैम, बाबांना म्हणत होते. "आत गेला तर जन्माचा वाया जाईल. तुमच्या दारात आलोय, रिकामं पाठवू नका."

मग तबकात पेले टेकल्याचे आवाज, एकामागून एक. आणि शांतता. कुणीही पीत नव्हतं.

"आई, माफ करायचा हक्क तुझा आहे. बाबांचा नाही. तुला विचारल्याशिवाय त्यांनी—"

"विचारतील."

"आणि विचारलं तर?"

"तोटीत काथ्याचा बोळा घाल," आई दुसऱ्या किटलीकडे बोट करत म्हणाली. "चोथा जाईल पेल्यात."

ती मोरीकडे वळली, नळ सोडला. आणि बाबा खरोखरच दाराशी आले. आत न येता, तिच्या डाव्या अंगाला उभे राहून म्हणाले, "उम्म मुझना, माणसं थांबलीत. तू काय म्हणतेस?"

पाणी वाहत राहिलं. आई वळली नाही. तिचे हात पाण्याखाली क्षणभर थांबले — की पेला धुऊन झाला होता म्हणूनच थांबले? मुझना हाताच्या अंतरावर होती. खांद्याला नुसतं शिवलं असतं तरी... पण मी शिवले नाही. ती वळली असती आणि 'केलं माफ' म्हणाली असती तर? बाबा थांबले होते, हे नाकारता येणार नाही, बराच वेळ थांबले. मग त्यांनी मुझनाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी अजिजी होती की तिनंच मान खाली घातली. ते परत गेले.

"घ्या, अबू दुलैम. कॉफी घ्या."

दुवा, आशीर्वाद, सगळे एकदम बोलायला लागले. कुणीतरी मोठ्यानं रडलं. बहुधा नायफच.

आईनं नळ बंद केला. "काय झालं?"

"पीत आहेत."

"बरं."

"तुला... ऐकू आलं होतं का?"

"काय?" आई म्हणाली, आणि खजुराचं ताट पुढे केलं. "दाराशी नेऊन ठेव. नुसती कॉफी कशी प्यायची त्यांनी?"

ताट हातात घेऊन मुझना तिथंच उभी राहिली. वर्षभर तिचा राग जागच्या जागी होता — नायफवर, त्याच्या घरच्यांवर, कधीकधी बाबांवर — आणि आता तो तिथून उठून आईच्या ओल्या हातांकडे सरकत होता, आणि त्याला अडवायचं कसं तिला कळत नव्हतं. आई ओटा पुसत होती, नेहमीसारखा, कोपऱ्यापर्यंत. त्या कानाला पुन्हा ऐकू यावं म्हणून प्रत्येक नमाजात मी दुवा मागितली होती; आणि आता मनात वर आलं ते एवढंच, की तो पुरता गेलेला असू दे, देवा, मघाशी त्यात काहीही शिरलेलं नसू दे...