शंभरामागे पंचवीस

समोरच्या कोपऱ्यावरून पिशव्या भरून निघणारी माणसं दिसली की दुकानदाराच्या पोटात दुखायला लागायचं. आणि ती दिवसभर दिसायची! साडूला सवलतीचं दुकान काढायला दुसरी जागाच मिळाली नव्हती जणू. धाकट्या मेहुणीचा नवरा, कालपरवापर्यंत लोकांच्या गोदामात खोकी उचलत होता, आणि आज त्याची अशी सहा दुकानं. इथे तर तो आठवड्यातून एकदा उभ्या उभ्या डोकावायचा, तेवढ्यानंही दुकानदाराचा अख्खा दिवस नासायचा.

"बुडणार बघ तो," तो बायकोला सांगायचा. "पुरवठादारानंच सांगितलंय मला. तेलाचा डबा चौऱ्याहत्तरला घेतो, ब्याऐंशीला विकतो. शंभराची विक्री झाली की हातात जेमतेम दहा! त्यातून भाडं, पगार, वीज. मी पंच्याहत्तरला घेऊन शंभरला विकतो. शंभरामागे पंचवीस! आता सांग, धंदा कुणाला कळतो?"

"अहो, पण आपला डबा फळीवर तीन महिने बसतो. त्यांचा आठवड्यात जातो. आपले पंचवीस एकदा येईपर्यंत त्यांचे आठ बारा वेळा येतात."

"ही अक्कल कुणाची?"

"धाकटी सांगत होती."

झालं! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे त्याच्याच घरात, त्याच्याच ताटावर बसून साडूचं कौतुक! रात्री कूस बदलताना त्याला खात्री वाटली, की साडूही असाच जागा असणार, आपल्याला कसं गाडावं याचा विचार करत.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाराशी पाटी लावली. तेलाचा डबा सत्तरला.

"डब्यामागे पाच पदरचे घालताय," बायको रडवेली झाली. "भांडवल संपलं तर शटर ओढावं लागेल. तुमच्या वडिलांनी उभं केलेलं दुकान आहे हो!"

"आधी त्याचं ओढलं जाईल. तू बघच."

आणि काय सांगावं, माल भराभर हलला! एक सभ्य, गोड बोलणारा माणूस टेम्पो घेऊन आला, एकदम चाळीस डबे उचलले, रोख पैसे दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. दुकानदाराला आकाश ठेंगणं झालं. हाताशी होतं नव्हतं ते सगळं घालून त्यानं नवा माल आणला, तोही त्याच माणसानं नेला. आठवडा सरला तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या, आलेली रोकड जुनी देणी आणि तोटा भरण्यात गेली होती, आणि पुढचा माल भरायला गल्ल्यात पैसा नव्हता. पुरवठादार नव्या उधारीला तयार होईना. तरी गडी खूश! साडूचं तोंड बघायला तो रस्ता ओलांडून गेला.

साडूच्या दुकानात नेहमीसारखी झुंबड होती. तेलाच्या डब्यांची छतापर्यंत रास लागली होती. ती रचत होता तोच सभ्य माणूस, आणि एकेका डब्यावर दुकानदाराच्या स्वतःच्या दुकानाचा शिक्का होता.

साडू नेमका त्याच दिवशी आठवड्याच्या फेरीला आला होता, आतल्या खोलीत होता. दुकानदार थेट तिथे घुसला.

"साधलास ना डाव? माझाच माल उचलून मलाच नागवलंस!"

साडू गोंधळला. त्यानं त्या माणसाला हाक मारली. "हे डबे कुठले रे?"

"समोरच्या दुकानातले, साहेब. सत्तरला देत होते. आपल्याला कारखान्याकडूनच चौऱ्याहत्तरला पडतो, म्हणून मी घेतले. एवढ्याशा खरेदीला तुम्हाला विचारायचं नसतं ना."

साडूचा चेहरा उतरला. "अहो दादा, गळ्याशपथ, मला यातलं काही ठाऊक नाही. बसा ना. पाणी आण रे त्यांना." त्यानं स्वतः खुर्ची पुढे सरकवली. त्याच्या आवाजात कपट नव्हतं, खरी काळजी होती. दुकानदार तर कपटच शोधत आला होता. त्यानं साडूच्या डोळ्यांत पुन्हापुन्हा पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"पण दादा," साडूनं अगदी मायेनं विचारलं, "एवढा तोटा खाऊन कशाला विकलंत? कुणाशी चुरस लागली होती का?"

दुकानदार त्या खुर्चीत बसला. मग तो म्हणाला, "नाही. कुणाशीच नाही."