पहिले चार ठोके

विंचूरजवळच्या एका कांदाचाळीत फौजदार यादव पगारे यांनी रिव्हॉल्व्हरचा चाप सहा वेळा ओढला. पहिल्या चार वेळी नुसता ठोका पडला, शेवटच्या दोन वेळी गोळी सुटली. सहाही काडतुसे एकाच खोक्यातली होती.

१९७९ च्या उन्हाळ्यात ते रिव्हॉल्व्हर, न उडालेली चार काडतुसे आणि दोन रिकाम्या पुंगळ्या तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर आल्या. सोबत एकच प्रश्न होता : दोष शस्त्रात की माणसात? उत्तरावर पगारे यांची नोकरी अवलंबून होती, आणि नोकरीपेक्षा अधिक काहीतरी, कारण त्या चार ठोक्यांच्या अवधीत त्यांचा हवालदार त्यांच्या डोळ्यांदेखत तोडला गेला होता.

मनमाडच्या यार्डात मालगाड्या फोडणाऱ्या टोळीचा भिका हा म्होरक्या. हिवाळ्यात त्याला पकडताना त्याने पगारे यांच्या उजव्या हातावर लोखंडी कांब घातली आणि तो निसटला. कोपराखालची दोन्ही हाडे मोडली आणि एक टोक कातडी फोडून बाहेर आले. प्लास्टर काढल्यावरही त्या मुठीत पेन्सिल ठरत नव्हती. तरीही रजा संपण्याआधी पगारे कामावर हजर झाले.

हवालदार खंडेराव बोरस्ते ठाण्यात सर्वांदेखत म्हणाले, "साहेब, या हातानं तुम्हाला चहाची बशी उचलत नाही, भिक्या कसला उचलताय? आमच्यातला एखादा मरेल."

"भीती वाटत असेल तर घरी बसा, हवालदार," पगारे म्हणाले.

हे वाक्य पुढे चौकशीत तीन साक्षीदारांनी जसेच्या तसे सांगितले.

उन्हाळ्यात भिका त्या कांदाचाळीत लपल्याची खबर आली, आणि भर दुपारी चाळीचे दार ढकलून बोरस्ते आधी आत शिरले. बारदानाच्या ढिगामागून भिका उठला आणि त्याचा कोयता बोरस्त्यांच्या खांद्यात रुतला. पगारे यांनी डाव्या हाताने नेम धरून चाप ओढला. ठोका पडला, बार उडाला नाही. भिक्याने पाय लावून कोयता मोकळा केला. बोरस्त्यांनी हात आडवा धरला; दुसऱ्या घावात त्याची बोटे गेली. दुसरा ठोका.

"फौजदार, डबडं आणलंस व्हय रं!" भिका हसला. दाराशी असलेला शिपाई देवराम याने हे शब्द ऐकले. बोरस्ते गुडघ्यांवर होते. "साहेब, मारा! मारा ना!" ते ओरडत होते. तिसरा ठोका. कोयता मानेवर उतरला आणि ओरडणे थांबले. चौथा ठोका.

मग भिका पगारे यांच्याकडे वळला. पाचव्या वेळी गोळी सुटली आणि त्याचा जबडा उडाला. तो पडला नाही, चालत आला. सहावी गोळी छातीत गेली. तो पगारे यांच्या अंगावरच कोसळला आणि मोडका हात पुन्हा त्याच्या खाली आला.

चाळीवर मी गेलो तेव्हा बोरस्त्यांची विधवा कुसाबाई तिथे आली. तिने मला खाली बसू दिले नाही.

"तुमी शिकलेले हाये ना? मग मला सांगा, माझा माणूस पडंस्तवर गोळी नाय आन् स्वतावर आल्यावर बराबर कशी सुटली? लय हुशार बंदूक हाय ती!"

"तेच पाहायला आलो आहे, बाई."

"पाहा. आन् खोटं लिवलं तर तुमच्या दारात येऊन बसंन."

तिचा प्रश्न माझ्या प्रश्नापेक्षा नेमका होता. विंचुरात एक दुसरे स्पष्टीकरणही फिरत होते : भिक्याच्या दंडात मंतरलेला गंडा होता आणि तो चौथ्या वेळी तुटला. गंडा मी पाहिला. तो शाबूत होता.

शस्त्रात दोष नव्हता. चारही काडतुसांच्या बुडाच्या टोपीवर, म्हणजे ज्या ठिकाणी आघात झाला की बार उडतो तिथे, ठोक्याचा पुरेसा खोल खळगा होता. पण टोपीभोवती हवा-पाणी आत जाऊ नये म्हणून वार्निशची जी लाल कडी असते, ती या चारांवर नव्हती. दोन रिकाम्या पुंगळ्यांवर ती होती. मी टोप्या उघडल्या. आतली दारू ओलसर होती आणि तिला कापूर व टर्पेंटाइनचा वास येत होता.

तोच वास मला नाशिकरोडला पगारे यांच्या घराच्या उंबरठ्यावरच आला. ते निलंबित होते. त्यांची आई सुलाबाई तिळाच्या कोमट तेलाने त्यांचा हात चोळत होती. तेलात कापूर आणि रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन घातलेले होते.

"डाक्टरनं कवच काढलं अन् घरी जा म्हणाला," ती म्हणाली. "बोटं कुणी हलवली? मी हलवली. रोज दोनदा तेल, वरून शेक. हलव रे यादव, दाखव साहेबांना."

पगारे यांनी बोटे हलवली. मग आईने हात जाड झोळीत घालून ती त्यांच्या गळ्यात अडकवली. झोळी तेलाने काळपट झाली होती.

"रिव्हॉल्व्हर कुठे ठेवत होता?" मी विचारले.

"कमरेचं म्यान उजव्या हाताचं. डाव्यानं निघत नाही. दुसरं मागितलं, मिळालं नाही." त्यांनी झोळीकडे पाहिले. "यातच ठेवायचो. हाताला लागून. झोपतानासुद्धा."

मी सोबत आणलेल्या त्यांच्याच रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या, काडतुसांच्या सहा घरांवर खडूने आकडे घातले आणि रिकामे रिव्हॉल्व्हर त्यांना नेहमीप्रमाणे झोळीत ठेवायला सांगितले. रिव्हॉल्व्हर डाव्या अंगावर कलून पडले. चक्रीची चार घरे तेलकट कापडात दबली आणि दोन वर राहिली. मग ते काढून मी चाप ओढत गेलो. नळीसमोर आधी ती चार घरे आली, शेवटी ती दोन.

सुलाबाई चहा ठेवायला आत गेल्यावर पगारे हळू आवाजात म्हणाले, "काडतुसं जुनी होती असं लिहा. मी घाबरलो असं लिहा. नोकरी गेली तरी चालेल. तेल नका लिहू, साहेब. आईला वाचून दाखवणारे पुष्कळ आहेत."

"काडतुसे जुनी नव्हती. आणि घाबरलेला माणूस सहा वेळा चाप ओढत नाही."

"कुसाबाईला काय सांगणार?"

"तेच."

प्रयोगशाळेत मी त्याच खोक्यातली बारा काडतुसे त्याच तेलात भिजवलेल्या कापडात गुंडाळून अंगाच्या उबेइतक्या तापमानात ठेवली आणि बारा कोरडी ठेवली. पुढे सर्व उडवून पाहिली. कोरडी सगळी उडाली. तेलातली नऊ उडाली नाहीत.

अहवालाची प्रत पाठवली त्याच आठवड्यात मी पुन्हा विंचूरला गेलो आणि कुसाबाईला तिच्या ओट्यावर बसून सांगितले. ती म्हणाली, "म्हंजी त्यानं पैल्यापासून मारायचा परयत्न केला व्हता."

"पहिल्या घावापासून."

अहवालातला निष्कर्ष असा होता : फौजदार पगारे यांनी विलंब केला नाही. रिव्हॉल्व्हर जखमी हाताच्या झोळीत ठेवल्याने हाताला लावलेल्या तेलातील टर्पेंटाइनने खालच्या बाजूच्या चार काडतुसांचे वार्निश विरघळवले, तेल टोपीत शिरले आणि आतली दारू निकामी झाली. चक्री फिरताना हीच चार काडतुसे आधी नळीसमोर आली. वरची दोन कोरडी राहिली होती, म्हणून ती उडाली.